गेलेल्या दिवसांची लांबी

बारा दिवसांची काशीयात्रा आटोपून एखादें कुटुंब घरीं परत येतें. दाराचें कुलूप काढतांना घरधनीण म्हणते, "अग बाई, घर सोडून दोन महिने लोटल्यासारखें वाटतें आहे!" आणि त्याच वेळीं शेजारच्या काकू दार उघडून विचारतात, "अहो, इतक्यांत आलांत सुद्धां? कालपरवांच तर निघालां होतां!" भिंतीवरची दिनदर्शिका दोघींपैकीं कोणाचीच बाजू घेत नाहीं, तिच्या हिशेबीं दिवस बाराच. तरी दोघीहि अगदीं खरें तेंच बोलत असतात. गंमत अशी कीं, प्रवासांत असतांना त्या घरधनिणीला दिवस मुळींच पुरत नव्हता. घाट, देवळें, गल्ल्या, बाजार हें सारें पाहतां पाहतां संध्याकाळ होई. इकडे काकूंची दुपार मात्र जातां जात नसे. म्हणजे ज्या दिवसांना जातांना पंख फुटले होते, तेच मागें वळून पाहतांना लांबलचक झाले; आणि जे रेंगाळत गेले, ते मागाहून शोधूं जातां जागेवर नाहींतच. काळाचा हा उफराटा व्यवहार कसा चालतो, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

रंग पाहण्यास डोळा आहे, नाद ऐकण्यास कान आहे. काळ मोजण्यासाठीं मात्र असें एखादें स्वतंत्र इंद्रिय मनुष्यास मिळालेलें नाहीं. म्हणून त्यानें बाहेर मापें शोधलीं. पूर्वीं लग्नमुहूर्त साधण्यासाठीं उपाध्याय पाण्यानें भरलेल्या घंगाळांत घटिकापात्र सोडीत. तळाला बारीक छिद्र असलेली ती वाटी भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटें, झाली असें समजत. वाटी कोणासाठीं लवकर बुडत नसे कीं कोणासाठीं थांबत नसे. परंतु अंतरपाटाशीं उभ्या असलेल्या वधूपित्याची घटका आणि पंगतीची तयारी अर्धवट राहिलेल्या आचाऱ्याची घटका एकाच लांबीची होती, असें त्या दोघांपैकीं एकानेंहि शपथेवर सांगितलें नसतें.

या गोंधळाचें मूळ असें कीं, 'वेळ कसा जात आहे' आणि 'वेळ किती गेला' हे दोन प्रश्न बोलण्याच्या ओघांत एकच मानले जातात. वस्तुतः त्यांचीं उत्तरें मन दोन निरनिराळ्या ठिकाणांहून आणतें. पहिल्याचें उत्तर अवधानावर अवलंबून असतें. दुधाच्या पातेल्यापुढें कोणी नुसतें उभें राहिलें, तर दूध वर येतां येत नाहीं. तोंच शेजारीण दोन शब्द बोलावयास आली कीं दूध केव्हां उतूं गेलें तें कळतहि नाहीं. लक्ष काळाकडे लावलें कीं काळ ताणला जातो, अन्यत्र गुंतलें कीं तो आखडतो. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळीं मात्र तो काळ समोर नसतो. तो होऊन गेलेला असतो. मागें उरलेल्या आठवणींवरून त्याचा अंदाज करावा लागतो. दळण होऊन गेल्यावर पिठाच्या ढिगावरून धान्याचा अदमास घ्यावा, तशांतलाच हा प्रकार. सोळाशें वर्षांपूर्वीं उत्तर आफ्रिकेंत होऊन गेलेल्या संत ऑगस्टीननें आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या अकराव्या भागांत हाच मुद्दा मांडला आहे. गेलेला काळ आतां नाहीं, मग मोजणारा मोजतो तरी काय? तर त्या काळानें मनावर उमटवून ठेवलेला ठसा, असें त्याचें उत्तर आहे.

आधुनिक मानसशास्त्रानें हा विचार उचलला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याच्या १८९० सालच्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत काळाच्या जाणिवेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. विविध अनुभवांनीं भरलेला काळ जातांना थोडा व आठवतांना फार वाटतो, आणि रिकामा काळ याच्या बरोबर उलट वागतो, हें त्यानें तेथें स्पष्ट सांगितलें. वय वाढतें तशीं वर्षें आंखूड कां होतात, या प्रश्नाचाहि त्यानें विचार केला. पॉल जानेट या फ्रेंच पंडितानें १८७७ सालीं त्यावर एक त्रैराशिक सुचविलें होतें. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे साऱ्या आयुष्याचा दहावा हिस्सा, पन्नाशीच्या गृहस्थाला तेंच वर्ष पन्नासावा हिस्सा. म्हणून तें त्याला लहान वाटावयाचेंच. हें गणित इतकें सुबक आहे कीं आजहि पुष्कळ लोक तेंच सांगतात. परंतु सुबकपणा हा खरेपणाचा पुरावा नव्हे. दिवसाचे मिनिट मोजतांना कोणी आपलें सारें आयुष्य मापाला घेऊन बसत नाहीं. आणि साठीनंतर पहिल्यानेंच दूरदेशीं मुलाकडे गेलेल्या आजोबांचे सहा महिने त्यांच्या आधींच्या सहा वर्षांहून मोठे होतात, त्याचा निकाल या त्रैराशिकानें लागत नाहीं. जेम्सनें वेगळें कारण दिलें. वर्षें जसजशीं जातात तसतसा अनुभवाचा अधिकाधिक भाग संवयीच्या हवालीं होतो, आणि संवयीनें केलेल्या कृत्यांची नोंद मन ठेवीत नाहीं.

या म्हणण्याची अत्यंत कठोर परीक्षा पुढें एका फ्रेंच तरुणानें स्वतःच्या देहावर घेतली. मिशेल सिफ्र हा भूगर्भशास्त्रज्ञ. वय अवघें तेवीस. १६ जुलै १९६२ रोजीं तो फ्रान्स व इटली यांच्या सीमेजवळील आल्प्स पर्वतांत, स्कारासाँ नांवाच्या खोल विवरांत उतरला. आंत जमिनीखालची हिमनदी होती. सूर्याचा किरण नाहीं, घड्याळ नाहीं, दुसरा मनुष्य नाहीं. हाडांपर्यंत पोंचणारी थंडी आणि सदैव ओलें अंथरूण. विवराच्या तोंडाशीं त्याचे सहकारी बसून होते. त्यानें जागा झाल्यावर, जेवतांना आणि निजावयास जातांना त्यांना दूरध्वनीवरून कळवावयाचें आणि त्यांनीं वेळ टिपून ठेवावयाची. मात्र किती वाजले किंवा तारीख कोणती, हें त्यांनीं चुकूनहि बोलावयाचें नाहीं, असा करार होता. सेकंदास एक याप्रमाणें त्यानें एकपासून एकशेंवीसपर्यंत अंक मोजावे, अशीहि एक चांचणी होती. दोन मिनिटांत व्हावयाच्या त्या मोजणीला त्यानें पांच मिनिटें घेतलीं.

१४ सप्टेंबरला सहकाऱ्यांनीं त्याला मुदत संपल्याचें सांगितलें. त्याच्या वहींतल्या हिशेबाप्रमाणें त्या दिवशीं २० ऑगस्ट होती! साठ दिवसांच्या मुक्कामांतले पंचवीस दिवस त्याच्या खातीं जमाच झाले नव्हते. आणि खरी विशेष गोष्ट पुढेंच आहे. सहकाऱ्यांनीं टिपलेल्या वेळा जुळवून पाहिल्या, तेव्हां असें दिसलें कीं त्याचें निजणें-उठणें सुमारें साडेचोवीस तासांच्या फेऱ्यानें जवळजवळ नियमित चाललें होतें. म्हणजे शरीर आपला रोजमेळ व्यवस्थित लिहीत होतें. खातें बुडविलें तें स्मृतीनें. सिफ्रनें पुढें याचें कारण साध्या शब्दांत सांगितलें. त्या अंधारांत कांहीं बदलतच नाहीं, त्यामुळें एकदोन दिवसांपूर्वीं काय केलें तेंच आठवत नाहीं. सारा मुक्काम म्हणजे एकच लांब दिवस होऊन बसतो. १९७२ सालीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांतल्या एका गुहेंत तो पुन्हां सहा महिन्यांहून अधिक काळ राहिला. २०२४ सालीं तो वारला. स्वतःचे दिवस असे हरवून पाहण्याची हौस फार थोड्यांना असते, आणि तें बरेंच आहे.

सिफ्रला विवरांतून बाहेर येण्याचा मार्ग होता. हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थाला तो नव्हता. त्याचा जन्म १९२६ सालचा. लहानपणापासून त्याला फेंफरें येई आणि तें वाढत वाढत इतकें बळावलें कीं नोकरी करणें अशक्य झालें. १९५३ सालीं, त्याच्या सत्ताविसाव्या वर्षीं, विल्यम स्कोव्हिल या शस्त्रवैद्यानें त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आंतील कांहीं भाग काढून टाकला. समुद्रघोड्याच्या आकाराशीं साम्य असल्यामुळें ज्याला हिप्पोकॅम्पस असें नांव पडलें आहे, त्याचा बराच अंश त्यांत गेला. झटके पुष्कळ कमी झाले. पण त्या दिवसापासून हेन्रीच्या मनांत नवी आठवण म्हणून टिकेनाशी झाली. त्याची बुद्धि शाबूत होती. बोलणें सभ्य व समजूतदार होतें. शब्दकोडीं सोडविण्याची त्याला आवड होती. बालपणच्या गोष्टी तो सांगे. मात्र भेटावयास आलेला मनुष्य खोलीबाहेर जाऊन परत आला कीं तो त्याला प्रथमच भेटत असे. ब्रेंडा मिलनर या विदुषीनें स्कोव्हिलसह १९५७ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली आणि स्मृतीच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. तो २००८ सालापर्यंत जगला. आणि तोंवर त्याचें खरें नांव न छापतां केवळ आद्याक्षरें छापण्याची मर्यादा शास्त्रज्ञांनीं पाळली.

या गृहस्थाला काळ किती लांबीचा वाटत असेल? १९७३ सालीं व्हिटमन रिचर्ड्स यांनीं त्याच्याकडून लहान लहान कालावधि मोजून घेतले. सुमारें वीस सेकंदांपर्यंतचे कालावधि तो इतरांसारखाच बरोबर दाखवी. त्यापुढें मात्र त्याचें माप आखडूं लागे, आणि काळ जितका लांब तितकें तें अधिकच आखडे. हीच रेषा पुढें वाढवीत नेली, तर इतरांचा एक तास त्याला तीन मिनिटांएवढा, एक दिवस पंधरा मिनिटांएवढा आणि एक संबंध वर्ष तीन तासांएवढें भरेल, असा हिशेब रिचर्ड्स यांनीं मांडला. सेकंदांवरून वर्षांचें अनुमान काढणें ही मोठी उडी आहे. त्या आंकड्यांवर कोणी घर बांधूं नये. पण त्यांची दिशा विचार करावयास लावणारी आहे. हेन्री स्वतः सांगे कीं, त्याचा प्रत्येक दिवस सुटा, एकटाच उभा असतो. त्यांत जें सुख वा दुःख झालें असेल तें त्या दिवसापुरतेंच. शस्त्रक्रियेनंतर तो पंचावन्न वर्षें जगला. त्यांतलीं किती त्याच्या पदरीं पडलीं, याचा हिशेब कोणत्या घड्याळानें करावा?

ज्या घरांत वार्धक्यामुळें स्मृति गेलेलें कोणी वडीलमाणूस असतें, त्या घरीं हें उदाहरण दूरच्या अमेरिकेचें राहत नाहीं. आजी सकाळपासून दहाव्यांदा विचारते, "मुलगा कचेरींतून आला कां?" सून आधीं उत्तर देते, मग चिडते, मग स्वतःवरच चिडते. तिच्या हिशेबीं प्रश्न दहावा आहे, आजीच्या हिशेबीं पहिलाच. मधल्या नऊ प्रश्नांना आजीच्या मनांत जागाच मिळालेली नाहीं. उलट साठ वर्षांपूर्वींची माहेरची विहीर आज सकाळच्या चहापेक्षां तिला जवळची असते. अशा वेळीं तारीख सांगून तिची समजूत घालण्याचा हट्ट घरच्या मंडळींनीं धरूं नये. आंधळ्याला रंग ओळखावयास लावण्यासारखाच तो हट्ट होय.

स्मृति दुबळी झाली कीं काळ आखडतो. तशी ती नेहमीपेक्षां दाट भरली तर तो फुगतो. अपघातांतून वांचलेले लोक पुष्कळदां सांगतात कीं, त्या क्षणीं काळाची गति मंदावली, सारें अगदीं सावकाश घडत होतें. हें खरें कां, हें पाहण्यासाठीं डेव्हिड ईगलमन या अमेरिकन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं माणसांना एकतीस मीटर उंचीवरून, पाठ खालीं करून, जाळ्यांत पडावयास लावलें. २००७ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. दुसऱ्याचें पडणें पाहून केलेल्या अंदाजापेक्षां स्वतःच्या पडण्याचा अंदाज लोकांनीं सरासरीनें ३६ टक्के जास्त दिला. परंतु प्रत्येकाच्या मनगटावर एक यंत्र बांधलेलें होतें व त्यांतील अंक इतक्या झपाट्यानें बदलत कीं एरवीं ते वाचतां येत नसत. काळ खरोखरच मंदावला असता, तर पडतांना ते वाचतां यावयास हवे होते. तसे ते वाचतां आले नाहींत. तेव्हां भीतीनें क्षण लांबविला नव्हता. भीतीनें त्या क्षणाची आठवण बारीकसारीक तपशिलांनीं गच्च भरली होती, आणि मागाहून मोजणाऱ्या मनानें तिची जाडी पाहून काळ मोठा असला पाहिजे असें ठरविलें.

आतां वार्धक्याच्या तक्रारीकडे वळावें. पेन्शनीवर निघालेला गृहस्थ म्हणतो, "गणपति बसवून अजून हात वाळले नाहींत, तों दुसरे गणपति आले!" या तक्रारीत कितपत तथ्य आहे, याची पाहणी मार्क विटमन व सॅन्ड्रा लेनहॉफ यांनीं २००५ सालीं जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत केली. चौदापासून चौऱ्याण्णव वर्षांपर्यंतच्या ४९९ माणसांना त्यांनीं विचारलें. आठवडा किंवा महिना कसा गेला, याविषयीं तरुण व वृद्ध यांच्या उत्तरांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. वेळ झपाट्यानें जातो असेंच सर्वांचें म्हणणें. फरक दिसला तो गेलीं दहा वर्षें कशीं गेलीं या प्रश्नापाशीं, आणि तोहि बेताचाच होता. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा आजचा दिवस धांवत नसतो. धांवल्यासारखीं वाटतात तीं मागचीं दशकें, आणि तीं स्मृतीच्याच ताब्यांत असतात.

मुलाचें वर्ष कसें भरतें तें पहावें. नवी इयत्ता, नवे मास्तर, नवीं पुस्तकें. पहिल्यानेंच सायकलीवर तोल सांभाळणें, पहिल्यानेंच एकट्यानें आगगाडीनें आजोळीं जाणें. दांत पडतात, आंखूड झालेले कपडे धाकट्याकडे जातात. आदल्या वर्षासारखें कांहींच नसतें. कचेरींत वीस वर्षें तीच खुर्ची, तीच लोकल आणि तोच डबा असलेल्या मनुष्याच्या स्मृतीला एवढ्या पानांची गरजच पडत नाहीं. ती काटकसरी असते. रोजची पूजा, रोजचा स्वयंपाक, रोजची फेरी यांची ती एकच प्रत ठेवते व बाकीच्या हजारों प्रतींना तिच्यावरच 'वरीलप्रमाणें' असा शेरा मारते. हा तिचा दोष नव्हे. आयुष्यांतली प्रत्येक भाजी वेगळी आठवली असती, तर घरोघरच्या गृहिणींना वेड लागलें असतें. पन्नाशी ओलांडलेल्यांना आयुष्यांतील आठवणी सांगावयास लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयांतील आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात, असें अनेक पाहण्यांत आढळलें आहे. पहिली नोकरी, विवाह, पहिलें मूल, पहिलें बिऱ्हाड हे सारे 'पहिले' प्रसंग त्याच अवधींत दाटीवाटीनें बसलेले असतात.

मराठींत याचा एक सुंदर दाखला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यांत सांपडले. झांशीच्या वेढ्याच्या वेळीं ते शहरांतच होते. या प्रवासाची हकीकत त्यांनीं सुमारें पंचवीस वर्षांनीं, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहून काढली. 'माझा प्रवास' या नांवानें ती १९०७ सालीं छापली गेली. मधलीं पंचवीस वर्षें घर, शेती व भिक्षुकी यांत गेलेलीं. त्यांचें पुस्तक झालें नाहीं. झालें तें त्या थोड्या वर्षांचेंच.

२०२० सालच्या टाळेबंदींत हा नियम घरबसल्या सर्वांच्या प्रत्ययास आला. २५ मार्चपासून घरें बंद झालीं. वार कोणता, हें विचारावें लागूं लागलें. दुपारी संपत नव्हत्या. आणि तरीहि आज मागें पाहतां पुष्कळांना ते महिने एका मुठींत मावतात. ज्यांच्या घरचें माणूस त्या काळांत गेलें, त्यांची गोष्ट मात्र निराळी. त्यांना इस्पितळाच्या दारांतला एकेक तास अजून स्वतंत्रपणें आठवतो. नावीन्य म्हटलें म्हणजे तें सुखाचेंच असावें असें नाहीं, ही गोष्ट 'प्रवास करा, नवे छंद जोडा, आयुष्य लांबवा' असा सोपा उपदेश करणारे हल्लींचे लेखक सोयिस्करपणें विसरतात.

उरली एक लहानशी गंमत. स्मृति लांबी मोजतांना चुकते, तशी जागा सांगतांनाहि चुकते. अमेरिकेंत घरदुरुस्तीचा खर्च विचारणाऱ्या पाहणींत लोक मुदतीच्या आधींचे खर्चहि मुदतीतच झाले म्हणून सांगत, असें १९६४ सालीं नेटर व वॅक्सबर्ग या दोघांनीं दाखवून दिलें. ठळक आठवण जवळची वाटते, एवढेंच त्याचें कारण. मराठी घरांतला 'कालपरवांच तर रंग दिला' असा भिंतींविषयींचा वाद याच जातीचा आहे, आणि त्यांत पुरावा एकच चालतो: जुनी दिनदर्शिका.

डिसेंबराच्या अखेरीस घरधनीण ती खिळ्यावरून उतरविते. वर्ष कसें गेलें तें कळलें नाहीं, असें म्हणत म्हणत ती सहज मागचीं पानें उलटते. दूधवाल्याचे खाडे मांडलेले असतात. जूनमध्यें सलग चार खाडे: तेव्हां सारीं पंढरपुरास गेलीं होतीं, आणि परततांना गाडी बंद पडून रात्र एका देवळांत काढावी लागली होती. ऑगस्टांत एक दिवस दोन लिटर जास्त: नणंद मुलांसह आली होती, धाकट्यानें बासुंदीचें पातेलें लवंडलें होतें. नोव्हेंबरच्या एका तारखेभोंवतीं नुसतेंच वर्तूळ आहे, तें कशाचें हें आठवत नाहीं. ती तेथेंच ओट्याला टेकून उभी राहते, आणि स्वयंपाकघरांतून हाका मारणाऱ्यांना तिच्या 'आलें, आलें' या उत्तराचा अर्थ बराच वेळ कळत नाहीं.